पेव, कणगी आणि पेनड्राइव्ह

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी २०१५ साली मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. २१ फायली झाल्या. त्या एका पेनड्राइव्हवर घेतल्या आणि तो परभणीच्या घरी, पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवला. सहा उन्हाळे तो तिथंच पडून होता. नंतर लावून बघितला तर १७ फायली वाजल्या, ४ उघडल्याच नाहीत. ड्राइव्ह पडला नव्हता, भिजला नव्हता, कुणी त्याला हातही लावला नव्हता.

पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नसतं. आत असते फ्लॅश मेमरी. जपानमध्ये तोशिबा कंपनीत काम करणारे फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ती जगापुढे आणली. तिच्यात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला वीज अडवणाऱ्या थराची भिंत असते, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीची. फाईल लिहिताना जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन या भिंतीपलीकडे नेले जातात. भिंत न फोडता ते आरपार जातात. क्वांटम भौतिकीत याला टनेलिंग म्हणतात. ड्राइव्ह काढून घेतला तरी ते आतच कोंडलेले राहतात. आत किती इलेक्ट्रॉन आहेत त्यावरून मजकूर वाचला जातो.

पण भिंत इतकी पातळ, की इलेक्ट्रॉन हळूहळू पाझरतात. उष्णता वाढली की पाझर वाढतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या वर जातो, पत्र्याखाली तर त्याहून जास्त. शिवाय स्वस्तात जास्त जागा देण्यासाठी आता एकेका कप्प्यात ३ बिट (बिट म्हणजे ० किंवा १ ही एक नोंद) बसवतात, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ८ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. एकाच मापावर आठ खुणा केल्या, तर थोडं सांडलं तरी माप चुकणारच. प्रत्येक वेळी पुसून पुन्हा लिहिताना भिंत थोडी झिजते ती वेगळीच. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर फिरणारा पेनड्राइव्ह म्हणूनच जपणुकीच्या कामाचा नाही.

यूएसबीनं जोडायची हार्डडिस्क वेगळ्या तत्त्वावर चालते. तिच्यात मजकूर चुंबकीय खुणांच्या रूपात असतो, तो असा पाझरत नाही. मात्र चालू असताना तिची तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते आणि वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. अशा वेळी टेबलावरून पडली की संपली.

दोघांचं मरण वेगळं, हे माझ्या दृष्टीनं फार मोलाचं आहे. आपल्याकडे ज्वारी पेवात असायची, कणगीत असायची, आणि बियाणं राखेत मिसळून निराळं ठेवलेलं असायचं. पेवात पाणी शिरलं तर कणगी वाचायची, कणगीला कीड लागली तर बियाणं वाचायचं. फायलींचंही तसंच. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं हेच आकड्यांत मांडलं: ३ प्रती, २ प्रकारच्या साधनांवर, १ प्रत दुसऱ्या जागी.

कॉपी झाली की ड्राइव्ह काढून ठेवा, लावून ठेवू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभर संगणक कुलूपबंद केले, तेव्हा जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही त्यात गेल्या. काढतानाही आधी ‘इजेक्ट’ करा. पडद्यावर कॉपीची पट्टी पूर्ण भरलेली दिसली तरी थोडा मजकूर कधी कधी संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतो. मग ड्राइव्ह पुन्हा लावून दोनचार फायली उघडून बघा. लग्नाचा मोठा व्हिडिओ कॉपीच होत नसेल तर ड्राइव्ह बहुधा फॅट३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेला, म्हणजे फायली ठेवण्यासाठी आखलेला असतो, त्यावर ४ जीबीची एक फाईल मावत नाही. तो एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीनं फॉरमॅट करून घ्यावा. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा आधी उतरवून घ्या.

आजीच्या त्या ४ फायली सापडल्या, नांदेडला बहिणीकडच्या हार्डडिस्कवर. आजी आता नाही. त्यातल्या एका ओवीत ती मधेच थांबून पाणी मागते, ते मी तीनदा ऐकलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला नव्यानं भरलेली हार्डडिस्क घेऊन मी नांदेडला जातो आणि मागच्या वर्षीची तिच्याकडून परत आणतो.