नौका-इंजिनाचा थर्मोस्टॅट व कार्यतापमान

नौकेच्या इंजिनातील पाणी ठरावीक तापमानाला पोहोचेपर्यंत त्याची बाहेरची वाट अडवून धरणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. तिच्या कडेवर कोरलेला आकडा ती उघडू लागण्याचे तापमान दाखवतो. पूर्ण उघडायला आणखी सुमारे 10 ते 15 अंश लागतात (येथील सर्व तापमाने सेल्सिअसमध्ये). इंजिन किमान किती गरम राहावे एवढेच ती ठरवते. कमाल किती तापेल, ते पंप, हीट एक्स्चेंजर (इंजिनातील पाण्याची उष्णता नळ्यांतून समुद्राच्या पाण्याला देणारा भाग) आणि नौकेखालचे पाणी यांच्यावर अवलंबून असते. उष्ण किनाऱ्यावर थर्मोस्टॅटची गरजच नाही, हा समज याच फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने रुजतो.

मेणावर चालणारी आजची रचना साधारणपणे 1930 च्या दशकातील मानतात आणि तिचे श्रेय बहुधा सर्जियस व्हर्ने यांना देतात. त्याआधी पातळ पत्र्याच्या भात्यात चटकन उकळणारा द्रव भरून झडप हलवत असत. शीतनयंत्रणेतील दाब वाढला की भाता दबे व झडप उशिरा उघडे. मेण वितळताना फुगते आणि पितळी पेल्यातला दट्ट्या बाहेर ढकलते. त्यावर दाबाचा फारसा परिणाम होत नाही.

थर्मोस्टॅट निवडताना पहिला प्रश्न एकच : इंजिनाच्या ब्लॉकमधून, म्हणजे मुख्य धातूच्या सांगाड्यातून, कोणते पाणी फिरते? समुद्राचे पाणी थेट फिरत असेल, तर सुमारे 60 अंशांचा थर्मोस्टॅट रूढ आहे. काही उत्पादक 71 पर्यंत जातात. ब्लॉकमध्ये कूलंट (बंद वाटेत फिरणारा शीतक द्रव) आणि खारे पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमध्ये असेल, तर 71 ते 83 अंशांचा बसवतात. आउटबोर्ड (नौकेच्या मागे बाहेरून लावलेली) इंजिने बहुधा 50 ते 60 च्या दरम्यान चालतात. इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल, तर तोच प्रमाण मानावा.

थेट शीतनात मर्यादा 60 च्या आसपासच का, याविषयी दोन मते आढळतात. मेकॅनिक मंडळी ‘मीठ बसते’ म्हणतात. रसायनशास्त्राला हे सहजी पटत नाही : 100 ग्रॅम पाण्यात 20 अंशांना सुमारे 36 ग्रॅम साधे मीठ विरघळते, 100 अंशांना 39 ग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सर्व क्षार मिळून साडेतीन टक्केच असतात. त्यामुळे नुसत्या तापण्याने मीठ बाहेर पडू नये. बाहेर पडतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेट फुटते आणि चुन्यासारखा पांढरा, कठीण थर भिंतींवर चिकटतो. साधारण 80 च्या पुढे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडही त्यात मिसळते. तरीही मेकॅनिकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. तापमापकाचा काटा पाण्याचे सरासरी तापमान दाखवतो. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या (जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) मागची धातूची भिंत त्याहून कितीतरी तप्त असते. तेथे पाण्याचा पापुद्रा उकळला, तर मागे खरे मीठही राहू शकते. कार्बोनेटचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते, पण काटा 60 वर ठेवण्याचा सल्ला दोन्ही मतांतून एकच निघतो.

गोव्याच्या किनाऱ्यालगत समुद्राचे पाणी बहुतेक वर्षभर 27 ते 30 अंशांच्या आसपास असते. कूलंट 80 अंशांवर धरले, तर 29 अंशांच्या समुद्राशी फरक 51 अंश. 9 अंशांच्या थंड समुद्रात तोच 71. म्हणजे तोच हीट एक्स्चेंजर येथे सुमारे 28 टक्के कमी उष्णता वाहून नेतो. ही तूट भरून काढायला कमी अंशांचा थर्मोस्टॅट उपयोगी पडत नाही. त्यासाठी इंपेलर (पंपातील पाणी ढकलणारे चक्र), गाळणी आणि नळ्या स्वच्छ लागतात. मालीम, कुटबण किंवा खारीवाड्याच्या धक्क्यावरील ट्रॉलर 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी-बंदीत उभे असतात. ब्लॉकमध्ये किंवा नळ्यांत राहिलेले खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढण्याची तीच वेळ. मांडवी आणि झुआरीच्या खाड्यांचे पाणी पावसाळ्यात गोडे होत जाते व उन्हाळ्यात समुद्र आत खोलवर शिरतो. त्यामुळे नदीत चालणाऱ्या फेरीबोटीला क्षारांची भीती ऋतूप्रमाणे बदलते, आणि पावसात तिची जागा गाळ घेतो.

थर्मोस्टॅट काढून टाकल्यास इंजिन थंड राहते. तेलातील पाण्याची वाफ उडत नाही, पेट्रोल इंजिनात न जळलेले इंधन तेलात उतरते, डिझेल इंजिन पांढरा धूर ओकते. इंधनातील गंधकापासून बनणाऱ्या आम्लाने इंजिनाची होणारी झीज पूर्वी मोठी होती. 2020 पासूनच्या बीएस-6 (भारतातील उत्सर्जन-मानक) डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमपर्यंतच (दशलक्षात 10 भाग) असल्याने ती घटली आहे. ज्या इंजिनात थर्मोस्टॅटची खालची चकती बायपास (पाणी एक्स्चेंजरकडे न जाता आतच फिरवणारी वाट) बंद करते, तेथे तो काढला की गरम पाणी एक्स्चेंजरला टाळून आतच फिरते आणि इंजिन उलट तापते. मोटारीचा थर्मोस्टॅट बसवला व त्याची उंची जुळली नाही, तरी हेच घडते. शिवाय तो बहुधा 88 ते 92 अंशांचा असतो व त्याचे साधे पोलाद खाऱ्या पाण्यात गंजते.

तपासणी सोपी आहे. बंद झडपेच्या फटीत दोरा अडकवून थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात तळाला न टेकता लोंबकळत सोडावा, शेजारी तापमापक धरावा. दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडतो तो अंश कडेवरील आकड्याशी जुळला पाहिजे. बसवताना मेणाचा पेला इंजिनाकडे येतो.