शोकाकुल मातापिता (शिल्प)

शोकाकुल मातापिता (डी ट्राउअर्नडेन एल्टर्न) : जर्मन चित्रकार व शिल्पकार केटे कोलवित्झ (1867–1945) यांनी पहिल्या महायुद्धात मारल्या गेलेल्या धाकट्या मुलाच्या स्मरणार्थ घडवलेले दोन मूर्तींचे ग्रॅनाइट शिल्प. बेल्जियममधील व्लाड्स्लो येथे जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत ते आहे. पहिल्या कल्पनेपासून मूर्ती उभ्या राहीपर्यंत सुमारे 18 वर्षे गेली. मुलाचे आयुष्यही जवळजवळ तेवढेच होते.

कोलवित्झ यांचा जन्म कोनिग्झबर्गचा. पती कार्ल डॉक्टर होते आणि बर्लिनच्या कामगारवस्तीत त्यांचा दवाखाना होता. विणकरांचे बंड, शेतकऱ्यांचे युद्ध या विषयांवरील मुद्राचित्रमालिकांनी (ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या मालिकांनी) केटे यांना नाव मिळवून दिले. शिल्पकलेकडे त्या उशिरा वळल्या. 1904 मध्ये पॅरिसला त्यांनी मातीकामाचे प्राथमिक शिक्षण घेतले, त्याच मुक्कामात त्या फ्रेंच शिल्पकार रोदँ यांनाही भेटल्या.

ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा होता. त्याला स्वेच्छेने सैन्यात जायचे होते, पण अल्पवयीन असल्यामुळे वडिलांची परवानगी लागत होती. कार्ल राजी नव्हते. मुलाची बाजू घेऊन त्यांचे मन वळवले ते केटे यांनी. ऑक्टोबरच्या 22 तारखेच्या रात्री बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये डिक्समाउडच्या परिसरात पेटर मारला गेला. पुढचे सारे काम समजून घ्यायचे तर ही परवानगी विसरून चालत नाही. या शोकात अपराधाची टोचणी पहिल्यापासून होती आणि नुसत्या रडण्याने ती जाणारी नव्हती.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्मारकाची कल्पना त्यांच्या दैनंदिनीत आली. आडवा पहुडलेला मुलगा, उशाशी बाप, पायथ्याशी आई, अशी ती रचना होती. स्मारक पेटरबरोबरच युद्धात स्वेच्छेने गेलेल्या सर्व तरुणांचे व्हावे, असे त्यांना वाटत होते. मात्र युद्ध लांबत गेले तशी त्यांची मते बदलली. ज्या त्यागावर त्यांनी विश्वास ठेवला होता, तो त्यांना फसवणूक वाटू लागला. 1918 च्या शरद ऋतूत कवी रिचर्ड डेमेल यांनी आणखी स्वयंसेवकांना हाक दिली, तेव्हा ‘पेरणीचे बी दळायचे नसते’ या जर्मन कवी ग्योटेच्या वचनाचा आधार घेऊन केटे यांनी जाहीर पत्राने विरोध केला. आता मुलाच्या बलिदानाचा गौरव करणारी मूर्ती कोणत्या तोंडाने घडवायची? 1919 मध्ये त्यांनी काम मोडून टाकले. आपण पुन्हा येऊ, असे मुलाला उद्देशून लिहून ठेवले तेवढेच.

मधल्या काळात शोक दुसऱ्या माध्यमात उतरला. ‘युद्ध’ या काष्ठमुद्रांच्या (लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या) मालिकेत एकमेकांवर कोसळलेले आईबाप आहेत. दोघांची मिळून जणू एकच काळी आकृती होते. 1920 च्या दशकाच्या मध्यावर शिल्प पुन्हा हाती घेतले तेव्हा रचना पार बदललेली होती. मुलगा त्यातून गेला होता, उरले होते फक्त मागे राहिलेले दोघे. प्रस्तुत लेखकाच्या मते शिल्प पुरे होऊ शकले ते या एका वजाबाकीमुळे. जून 1926 मध्ये पतिपत्नी बेल्जियममधील रोगेवेल्डे येथील पेटरच्या तेव्हाच्या थडग्यावर जाऊन आले आणि मूर्तींची जागा त्यांनी मनाशी ठरवली. सगळी थडगी मूर्तींच्या नजरेसमोर यावीत, ही त्यामागची कल्पना.

मूर्ती गुडघ्यांवर बसलेल्या आहेत. बाप ताठ आहे. छातीशी घट्ट आवळलेल्या हातांनी त्याने स्वतःलाच धरून ठेवले आहे. आई अंगाभोवती वस्त्र ओढून पुढे वाकली आहे, मान खाली गेली आहे. चेहरे कार्ल आणि केटे यांचेच. चबुतरे वेगवेगळे आहेत आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. काष्ठमुद्रेतली मिठी इथे सुटली आहे. एकाच घरातली दोन माणसे एकच दुःख आपापल्या परीने सोसतात, हे इतके स्पष्ट दाखवणारी शिल्पे थोडीच असतील.

प्लास्टरच्या मूर्ती 1931 मध्ये बर्लिनच्या प्रशियन कला अकादमीत मांडल्या गेल्या. मग कसबी पाथरवटांनी त्या बेल्जियन ग्रॅनाइटमध्ये कोरल्या आणि 1932 च्या उन्हाळ्यात रोगेवेल्डेत उभारल्या. उभारणीच्या वेळी केटे आईच्या मूर्तीपुढे उभ्या राहिल्या, स्वतःच्याच त्या चेहऱ्याकडे पाहून रडल्या आणि तिच्या गालांवरून हात फिरवला. कार्ल मागे येऊन उभे आहेत याचे त्यांना भानही नव्हते. ‘हो, हो’ एवढेच ते पुटपुटले. त्या क्षणी आपण दोघे किती जवळ होतो, हे केटे यांनी दैनंदिनीत नोंदवले आहे.

कलोपचाराच्या (कलेच्या आधारे मनावर करायच्या उपचाराच्या) चर्चेत हे शिल्प दाखला म्हणून येते, पण त्यातून सोपा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. माती हाताळली की मन मोकळे होते, असे या 18 वर्षांवरून दिसत नाही. काम अडत होते, मोडत होते, आणि नैराश्याच्या नोंदी दैनंदिनीत भरपूर आहेत. शोक शिल्पाबरोबर संपलाही नाही. 1937 साली पेटरच्या मृत्युदिनी त्या एका छोट्या मूर्तीवर काम करत होत्या. मेलेल्या मुलाला मांडीशी घेऊन बसलेली म्हातारी आई. म्हणजे वगळलेला मुलगा परत आला. या मूर्तीची मोठी प्रतिकृती 1993 पासून बर्लिनच्या नॉय वाखं या राष्ट्रीय स्मारकात आहे. मातापिता शिल्पाने बदलले ते दुःखाचे स्वरूप. ‘मी त्याला जाऊ दिले’ हे एकटीच्या मनातले शल्य इतर आईबापांनाही आपले म्हणता येईल अशा रूपात बाहेर आले.

1950 च्या दशकात लहान दफनभूमी एकत्र करण्यात आल्या, तेव्हा पेटरचे अवशेष आणि दोन्ही मूर्ती व्लाड्स्लोला हलवल्या. तिथे 25,000 हून अधिक सैनिक पुरलेले आहेत आणि पेटरचे नाव कोरलेली फरशी मूर्तींच्या पुढ्यातच आहे. शिल्पकार एवाल्ड माटारे यांच्या देखरेखीखाली झालेल्या प्रतिकृती 1959 पासून कोलोन शहरात, बॉम्बहल्ल्यात छप्पर गेलेल्या सेंट आल्बान चर्चच्या अवशेषांत आहेत. आणखी एक जोडी 2014 मध्ये रशियातील र्झेव्ह येथील जर्मन दफनभूमीत बसवण्यात आली. काकाचेच नाव ठेवलेला केटे यांचा नातू पेटर दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, र्झेव्हच्याच आघाडीवर मारला गेला होता.