पुणे दर्शनाची यादी कुणी केली?

दिवाळीनंतर माझी मामेबहीण मुलांना घेऊन नागपूरहून आली. दोन वर्षांपूर्वी ती लंडनला जाऊन आलेली. चहा पिता पिता तिनं विचारलं, "ताई, तिकडे आम्ही एकच पास काढला होता. तो दाखवायचा आणि आत जायचं. बोट, किल्ला, राजवाडा, सगळं त्यात. पुण्याचा तसा पास कुठं मिळतो?"

म्हटलं, नाही मिळत.

"का नाही?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही. नंतर विचार करत बसले, तेव्हा लक्षात आलं की आधी दुसरंच विचारायला हवं. पुण्यात काय काय बघायचं, ही यादी मुळात कुणी केली आणि कधी केली? पास म्हणजे त्या यादीला लावलेली किंमत. यादीचा इतिहास कळला की पास का नाही तेही कळतं.

लोक पुण्याला पूर्वीही येतच होते. कुणी दानदक्षिणेसाठी, कुणी फिर्याद घेऊन, कुणी शिकायला, कुणी पर्वतीच्या देवदेवेश्वराला. शहर नुसतं बघायला येणं मात्र रेल्वेमुळे सोपं झालं. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. बोरघाट तेव्हा पुरा व्हायचा होता. मुंबईहून येणारा माणूस घाटाच्या पायथ्याशी उतरायचा, पालखीनं, तट्टावरून नाहीतर बैलगाडीनं वर चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. १८६३ मध्ये घाटाचं काम संपलं आणि मुंबई-पुणे एका दमात होऊ लागलं.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १८६८ मध्ये, नारायण विष्णू जोशी यांचं 'पुणें शहराचें वर्णन' छापून आलं. मला हा योगायोग वाटत नाही. रेल्वेतून उतरणाऱ्या परक्या माणसाला पेठा कुठल्या, देवळं कुठली, पाणी कुठून येतं हे सांगायची गरज तेव्हाच पडली.

दुसरी मोठी यादी सरकारी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे पुण्याचे खंड १८८५ मध्ये निघाले. त्यात शहरातल्या बघण्याजोग्या ठिकाणांची इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेली जंत्री आहे. ती वाचताना पहिल्यांदा हसू येतं, मग विचारात पडायला होतं. तोफखाना आहे, बंड गार्डन आहे, कौन्सिल हॉल आहे, चर्चेस आहेत, ज्यूंचं सिनेगॉग म्हणजे आपलं लाल देऊळ आहे, तुरुंगसुद्धा आहे. आणि त्याच पंगतीत पर्वती आणि शनिवारवाडा. लिहिणाऱ्यांचं पुणं कॅम्पातून, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी छावणीतून, सुरू होत होतं आणि शहर त्यांच्या दृष्टीनं पलीकडे होतं. आपली यादी कॅम्पातून सुरू होत नाही, पण ती तरी कुठून सुरू होते? शनिवारवाड्यापासून. १० जानेवारी १७३० ला पाया घातलेल्या आणि फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतल्या लाकडी इमारतींसकट जळून गेलेल्या वाड्यापासून. बाहेरगावचा माणूस दिल्ली दरवाज्याचे खिळे बघून आत शिरतो आणि विचारतो, "वाडा कुठाय?" जोती, कारंज्याचे हौद आणि हिरवळ. त्याला तिथं उभं राहून मजले सांगावे लागतात, तेव्हा कुठं वाडा दिसायला लागतो. म्हणूनच पुणं दाखवायला गाडीपेक्षा सांगणारा माणूस जास्त लागतो.

एकदाच पैसे भरायचे आणि फिरायचं, ही कल्पना या सगळ्याच्या जरा आधीची, इंग्लंडातली. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० माणसं रेल्वेनं नेली. माणशी एक शिलिंग. ती दारूबंदीच्या सभेला निघालेली मंडळी होती, पर्यटक नव्हेत. पण तिकीट काढणं, गाडी ठरवणं, खाणंपिणं हे सगळं एकानं अंगावर घेतलं की लोक खुशीनं निघतात, हे त्या दिवशी दिसलं. पुढे १८६८ मध्ये कुकच्या कंपनीनं हॉटेलची कुपनं काढली. आधी पैसे भरून कुपनांचा गठ्ठा घ्यायचा आणि परगावी हॉटेलात एकेक फाडून द्यायचं. माझ्या बहिणीच्या पासाचा पणजोबा तो.

शहर दाखवणाऱ्या बसलाही अशी मुळं आहेत. लंडनमध्ये १९५१ च्या राष्ट्रीय महोत्सवाच्या निमित्तानं शहराला वळसा घालणारी बसफेरी सुरू झाली. कुठंही उतरा, बघा, मागच्या बसनं पुढं जा, ही सोय नंतरची. प्रवेशाचे पास त्याहून अलीकडचे. पॅरिसमध्ये संग्रहालयांचं एकत्रित कार्ड १९८८ मध्ये आलं, अमेरिकेत सिटीपास १९९७ मध्ये, लंडनचा पास नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. यांचे ढोबळ दोन प्रकार. एकात ठरलेली पाच-सहा ठिकाणं, सवडीनं बघा. दुसऱ्यात दिवसांचा हिशेब: एक, दोन, तीन दिवस, त्यात जमतील तेवढी बघा. पास विकणारा प्रत्येक ठिकाणाला, तुम्ही खरोखर आत गेलात तर, ठरलेली रक्कम देतो आणि ती दारावरच्या तिकिटापेक्षा कमी असते. तुम्ही दमून हॉटेलवर झोपलात तर ते पैसे त्याच्याकडे राहतात. म्हणून दिवसांचा पास घेतलेली माणसं पळत असतात. बहिणीच्या फोनमध्ये लंडनचे फोटो बघितले. एका दिवसात सात ठिकाणं, आणि सातही फोटोंत मुलांचे चेहरे सारखेच पेंगुळलेले.

आपल्याकडे महानगरपालिका झाली १९५० मध्ये आणि त्याच वर्षी शहराची बस पालिकेच्या हाती आली. त्याआधी सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खासगी कंपनी बस चालवत होती, आणि स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला टांगा होताच. पीएमटीच्या, म्हणजे पालिकेच्या या बससेवेच्या, काळात 'पुणे दर्शन' हे नाव घराघरात गेलं. २००७ मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, तरी नाव तेच राहिलं. डेक्कन आणि पुणे स्टेशनहून सकाळी निघणारी गाडी. मला यातला 'दर्शन' हा शब्द फार आवडतो. देवाचं दर्शन घेतो तसं शहराचं दर्शन. डोकं टेकवायला जायचं, नुसती वस्तू बघायला नाही. 'साइटसीइंग' म्हटलं की हा भाव निघून जातो.

या दर्शनाच्या वाटेवर काय काय आलं ते बघितलं तर शहर स्वतःविषयी काय मानत गेलं ते कळतं. १९५३ मध्ये पेशवे पार्कात प्राणिसंग्रहालय आलं, १९५६ मध्ये तिथं फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावायला लागली. पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांची पहिली 'सहल' ती. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी जुने वाडे गेले. बघण्यासारखं पुणं एका दिवसात कमी झालं. १९६२ मध्ये दिनकर केळकरांनी आपला जुन्या वस्तूंचा संग्रह राज्य सरकारला दिला. १९६९ मध्ये आगाखानांनी आपला राजवाडा राष्ट्राला दिला. १८९२ मध्ये, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो बांधला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना तिथं ठेवलं. महादेवभाई देसाई आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला, तिथंच गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. दोघांच्या समाध्या मागच्या अंगणात आहेत. बसमधून उतरून हसतखेळत आत गेलेली माणसं तिथं आपोआप हळू बोलायला लागतात. हे मी दर वेळी बघितलंय. कात्रजला सर्पोद्यान १९८६ मध्ये झालं आणि १९९९ मध्ये पेशवे पार्कातले प्राणीही तिकडेच गेले.

या यादीत एक मोठी उणीव आहे, ती मला खुपते. पुणं बघायचं म्हटलं की वाडे, बागा, देवळं पटकन तोंडावर येतात. गंज पेठेतला महात्मा फुले वाडा तितक्या पटकन येत नाही. १८४८ मध्ये जिथं जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तो भिडे वाडा दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर होता. लाखो लोक त्याच्याकडे पाठ करून दर्शनाच्या रांगेत उभे राहिले. डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण झालेली ती इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी पाडली. तो होता तसा, त्याच जिन्यावर उभं राहून मुलांना दाखवायची संधी आपण घालवली.

केळकर संग्रहालयाबद्दल जरा थांबून सांगते, कारण वेळेच्या हिशेबानं शहर दाखवण्यात काय हरवतं ते मला तिथंच कळलं. कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी एका खासगी सहलवाल्याच्या गाडीतून पुणं बघायला निघालो. केळकरला पंचवीस मिनिटं मिळाली. जिथं सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह आहे आणि त्यातल्या थोड्याच मांडून ठेवल्या आहेत, तिथं पंचवीस मिनिटं. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणाऱ्या माणसानं साठेक वर्षं गावोगाव फिरून हे जमवलं आणि लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. मी वज्र्यांच्या कपाटापाशी रेंगाळले होते. टाचा घासायच्या पितळी वज्र्या, कुणावर मोर, कुणावर हत्ती. घासायची बाजू आडव्याउभ्या रेघांची, आणि काहींची वापरून गुळगुळीत झालेली. कुणीतरी रोज न्हाणीत बसून ती वापरली होती. तेवढ्यात खालून शिट्टी वाजली. ती शिट्टी मी विसरलेले नाही.

पासाची कल्पना मराठी माणसाला परकी होती असंही नाही. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना १९८८ पासून आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढा आणि राज्यभर हवं तिथं जा. अष्टविनायक, कोकण, साडेतीन पीठं लोकांनी या पासावर केली आहेत. ती योजना चालली, कारण सगळ्या गाड्या एकाच महामंडळाच्या.

आणि पुण्याचं घोडं इथंच अडतं. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. केळकर संग्रहालय राज्य सरकारला दिलेलं. लाल महाल, विश्रामबागवाडा, कात्रजचं प्राणिसंग्रहालय महापालिकेचं. पर्वती देवस्थानाची, केसरीवाडा टिळकांच्या विश्वस्त संस्थेचा, वानवडीची शिंदे छत्री, म्हणजे महादजी शिंद्यांचं स्मारक, शिंदे घराण्याच्या विश्वस्तांकडे. प्रत्येकाचा दर वेगळा, वेळ वेगळी, सुट्टीचा वार वेगळा. कात्रज बुधवारी बंद. एवढ्या मालकांनी एका तिकिटाचे पैसे वाटून घ्यायचे तर आधी एका टेबलाशी बसायला हवं. जयपूरला आमेर, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल असं एकत्र तिकीट मिळतं, कारण ही ठिकाणं राजस्थानच्या एकाच खात्याकडे आहेत. शिवाय आपली तिकिटं मुळातच स्वस्त. शनिवारवाड्याचं भारतीयांसाठीचं तिकीट २०१६ पर्यंत पाच रुपये होतं, आता पंचवीस आहे, ऑनलाइन काढलं तर वीस. त्यात सवलत ती काय देणार! पासाचा खरा उपयोग इथं पैसे वाचवायला होणार नाही. रांग वाचेल, आणि फुले वाड्यासारखं ठिकाण यादीत मानानं येईल, म्हणून मला तो हवा आहे.

प्रवासाची बाजू मात्र जमत आली आहे. २०२३ मध्ये पीएमपीएमएलनं शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी वातानुकूलित पर्यटन बस सुरू केल्या, माणशी पाचशे रुपयांत. दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसभर फिरायचा साधा बसपास जून २०२५ पासून सत्तर रुपयांना आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून कसब्यात आणि मंडईत जाते. मंडईला वर येऊन पाचेक मिनिटं चाललं की केळकर संग्रहालय.

बहिणीला मी तेच सांगितलं. दिवसाचा पास काढ, मुलांच्या हातात एक-एक वही दे आणि दिवसाला दोनच ठिकाणं. पहिल्या दिवशी आगाखान आणि शनिवारवाडा. दुसऱ्या दिवशी सकाळी गंज पेठ आणि मग पूर्ण दुपार केळकर. वज्र्यांच्या कपाटासमोर तिची धाकटी म्हणाली, "हे तर आजीकडे आहे, मोरीत." बहीण तिच्याकडे बघतच राहिली. तिथं आम्ही किती वेळ होतो ते कुणी बघितलं नाही. शिंदे छत्री राहिली. पुढच्या खेपेला तिथूनच सुरुवात करायची असं ठरलंय, फक्त सकाळी लवकर, वानवडीची गर्दी सुरू व्हायच्या आत.