फळांचे घरगुती गारेगार

फळाचा रस किंवा गर साच्यात ओतून, मधोमध काडी खोचून फ्रीजरमध्ये गोठवलेला खाऊ. यालाच आइसकांडी असेही म्हणतात. गारेगार हे नाव आणि ते विकणाऱ्याची आरोळी एकच. सायकलच्या कॅरिअरला बांधलेली पेटी, पेटीत लाल-केशरी कांड्या, आणि भर दुपारी गल्लीत ‘गारेऽगार’. घरी करण्यामागे बहुधा त्या पेटीतल्या रंगाची आणि पाण्याची धास्ती असते. ती अगदीच निराधार नाही, कारण गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थंडीने निपचित पडतात. अर्थात घरच्या फ्रीजरलाही हाच नियम लागू. पाणी पिण्याचेच हवे, आणि फळ चिरण्याआधी धुतलेले हवे.

काडीवरच्या बर्फाचा मान एका मुलाकडे जातो. १९०५ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रँक एपर्सन या अकरा वर्षांच्या मुलाने सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्री बाहेर विसरला आणि सकाळी तो गोठलेला मिळाला, असे सांगतात. पेटंट त्याने मोठेपणी, १९२४ मध्ये घेतले.

गारेगार दोनतीनदा जोरात चोखले की रंग आणि गोडी तोंडात येते आणि काडीवर पांढरा, बेचव बर्फ उरतो. घरी करताना जे काही बिघडते त्यातले बरेचसे याच एका गोष्टीतून येते. रस गोठताना आधी निव्वळ पाण्याचे स्फटिक बनतात. साखर, आंबटपणा आणि रंग त्यांच्या फटींत दाट पाकासारखे अडकून राहतात, आणि चोखल्यावर तेच आधी निघून येतात. साखर वाढवली तर कांडी मऊ होते, कारण साखरेमुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो. म्हणजे साखर फक्त गोडीसाठी नसते. ती कमी करायची, तर तिची जागा गराने भरून काढावी लागते.

म्हणून आंबा, चिकू, केळे, सीताफळ ही फळे सोपी. पिकलेल्या हापूसच्या रसाला साखर लागतच नाही. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे त्याची कांडी दगडासारखी होते. त्यात एक पिकलेले केळे घोटले की निभावते. कोकणातल्या घरी आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरायचा मोह होतो, पण आगळात मीठ असते आणि मीठही गोठण लांबवते. हातपॉटच्या आइस्क्रीमला बर्फात मीठ घालतात ते याच गुणासाठी. त्यापेक्षा अमृतकोकम बरे, फक्त त्यात साखर भरपूर असते. ताजा अननस किंवा पपई दुधात घालू नये, मिश्रण कडवट होते. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, तेव्हा मिश्रण चाखताना किंचित जास्त गोड लागायला हवे.

‘आरोग्यदायी’ हे विशेषण जपून वापरावे. गाळलेल्या रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वरून घातलेल्या साखरेतच धरते. न गाळता, चोथ्यासकट घोटलेले फळ त्याहून चांगले. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाऊत मध घालू नये. लहान मुलांसाठी द्राक्षे अख्खी न टाकता उभी चिरून टाकावीत, नाहीतर घशात अडकतात.

मुलांना मिक्सर सोडून सगळे करता येते: आंबा पिळणे, केळे कुस्करणे, ओतणे, आणि दर दहा मिनिटांनी फ्रीजर उघडून बघणे. या शेवटच्या कामानेच गोठायला सर्वांत जास्त वेळ लागतो. साचा नसला तर स्टीलचा छोटा पेला किंवा वाटी चालते. अ‍ॅल्युमिनियमच्या कुल्फीच्या साच्यात कैरी-कोकमासारखा आंबट रस ठेवू नये. साचा काठोकाठ भरायचा नाही, पाण्याचा बर्फ होताना सुमारे नऊ टक्के फुगतो. काडी सुरुवातीलाच घातली तर कलंडते. तास-दीड तासाने मिश्रण चिखलासारखे घट्ट झाले की ती सरळ उभी राहते. पूर्ण गोठायला पाच-सहा तास लागतात. मध्येच लाइट गेली आणि वितळलेले पुन्हा गोठले, तर स्फटिक मोठे होऊन कांडी करकरीत होते.

काढताना साचा साध्या पाण्यात काही क्षण धरला की कांडी सुटते. मग मिनिटभर थांबावे. फ्रीजरमधून थेट तोंडाला लावली तर जिभेवरचा ओलावा गोठून ती चिकटते, आणि ओढली तर रडारड. चिकटलीच तर वरून थोडे पाणी सोडायचे.