बॉल पायथन, इग्वाना, सुलकाटा कासव घरी आहे? मग परिवेश या सरकारी पोर्टलवरची नोंदणी नेमकी कुठे अडकते ते वाचा

फॉर्म भरता येत नाही म्हणून अर्ज परत गेला असं क्वचितच होतं. अर्ज अडकतो तो एकाच प्रश्नावर, हा प्राणी तुमच्याकडे आला कुठून, आणि याचं कागदी उत्तर बहुतेकांकडे नसतं.

आधी कायदा थोडक्यात. वन्यजीव संरक्षण कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. नवीन अनुसूची 4 मध्ये साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) या कराराच्या परिशिष्टांतले प्राणी आले आणि कलम 49एमप्रमाणे यातला जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने नोंदणी करायची असं ठरलं. सगळे पायथन, सगळे बोआ, जमिनीवरची सगळी कासवं, हिरवा इग्वाना हे सगळे साइट्सच्या यादीत आहेत, कॉर्न स्नेक नाही. त्यामुळे "परदेशी आहे म्हणजे नोंदणी लागणारच" हेही चूक आणि "परदेशी आहे म्हणजे आपला कायदा लागत नाही" हे तर फारच चूक.

आता स्टार कासव. हे भारतातलं आहे आणि ते घरात ठेवताच येत नाही, नोंदणी करूनही नाही. गोंधळ असा होतो की जुन्या कायद्यात ते अनुसूची 4 मध्ये होतं, नेटवरच्या जुन्या लेखांत अजून तेच लिहिलेलं असतं, लोक ते वाचतात आणि नवीन अनुसूची 4 चा फॉर्म भरायला बसतात. दुरुस्तीनंतर ते अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या यादीत, गेलंय. दुकानदार शुभ असतं, लकी असतं म्हणून विकतो आणि घेणाऱ्या माणसाला आपण गुन्हा करतोय याची कल्पनाही नसते, याचं खरंच वाईट वाटतं.

मुदतीचं बघू. नोंदणीचे नियम 28 फेब्रुवारी 2024 ला आले आणि ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होता त्यांना तिथून सहा महिने दिले होते. "सहा महिने मिळतात" हे वाक्य अजून फिरतंय आणि आज प्राणी घेणारा निवांत बसतो. नवीन प्राणी आला तर 30 दिवस आहेत, आणि ते प्राणी ताब्यात आल्यापासून मोजायचे, दुकानदार "कागद नंतर देतो" म्हणाला तर तो देईल त्या दिवसापासून नाही.

दुसरी गफलत 2020 च्या प्रमाणपत्राची. तेव्हा केंद्राने स्वेच्छा घोषणा योजना आणली होती, ठराविक मुदतीत जाहीर केलं तर कागद मागणार नाही अशी. ज्यांनी तेव्हा जाहीर केलं त्यांनी शहाणपणा केला, तो कागद आज सोन्यासारखा आहे, पण तो जोडून परिवेशवर नवीन नोंदणी करावीच लागते. आणि ज्यांनी तेव्हा केलं नाही त्यांना ती सवलत आता मागता येत नाही.

अर्ज परिवेश पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो, महाराष्ट्रात म्हणजे नागपूरला. ओळखपत्र, पत्ता, फोटो हे नेहमीचंच. फक्त प्राणी जिथे ठेवलाय तोच पत्ता द्या, आधारवर गावचा पत्ता आणि साप पुण्याच्या फ्लॅटमध्ये असं असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर पाहणीला आलेला माणूस भलत्याच दारात उभा राहतो. नावाच्या रकान्यात शास्त्रीय नाव टाका. बनाना, पाईड ही बॉल पायथनच्या रंगप्रकारांची नावं आहेत, प्रजाती एकच, पायथन रेजियस.

मुख्य कागद म्हणजे कायदेशीर ताब्याचा पुरावा. बाहेरून आणलेला असेल तर आयात परवाना आणि साइट्स परमिट, इथल्या कुणाकडून घेतला असेल तर त्याचं स्वतःचं नोंदणी प्रमाणपत्र आणि तुमच्या नावावर हस्तांतरण. "पेट सप्लाय" असं लिहिलेलं दुकानाचं बिल यातलं काहीच सिद्ध करत नाही! पैसे देण्याआधी विकणाऱ्याचं प्रमाणपत्र मागा, तो टाळाटाळ करत असेल तर प्राणी कितीही आवडला तरी घेऊ नका.

आणि आधीच बिनकागदाचा घेतलाय त्यांचं काय? यावर सरकारी उत्तर इतकं मोघम मिळतं की चीड येते, प्रामाणिकपणे विचारायला गेलेला माणूसच जास्त घाबरून परत येतो. तरी मागच्या तारखेचं बिल बनवू नका, विनानोंद ताब्यावर खोट्या कागदाचा वेगळा गुन्हा चढतो, आणि वन्यजीव कायद्यातल्या गुन्ह्याला साधारणपणे तीन वर्षांपर्यंत, अनुसूची 1 मधल्या प्राण्याच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तलावात किंवा जंगलात सोडूनही देऊ नका, एकतर तो मरतो नाहीतर तिथल्या प्राण्यांना मारतो. वन्यजीव कायदा कळणाऱ्या वकिलाशी बोला आणि मग स्वतःहून वनविभागाला लेखी कळवा. प्राणी ठेवणं जमतच नसेल तर वनविभागाची हेल्पलाइन आहे, 1926. सुलकाटाचं पिल्लू तळहातावर मावतं म्हणून घेतात, पुढे तेच 40 किलोच्या वर जातं आणि मग कुणालाच नको असतं.

प्रमाणपत्र मिळाल्यावर काम संपत नाही. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला तर प्रत्येक वेळी परत कळवायचं असतं. साइट्सच्या परिशिष्ट 1 मधल्या प्रजातीची, उदाहरणार्थ रेडिएटेड कासवाची, पैदास करायची तर वेगळा परवाना लागतो. प्राणी मेला तर गपचूप कुंडीत पुरू नका, व्हेटकडून लेखी घ्या आणि पोर्टलवर कळवा, कारण तोवर नोंदीत तो तुमच्या घरी जिवंतच असतो आणि उद्या पाहणी झाली तर तो कुठे गेला हे तुम्हालाच सांगावं लागतं.