म्हातारी निर्दोष आहे

मुलाकडे अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला आलोय. मे संपत आला तशा रिओ ग्रांदे नदीच्या काठावरून म्हाताऱ्या उडायला लागल्या. आपल्याकडे रुईची नाहीतर सावरीची एखादी उडते. इथे दाराच्या जाळीत, गाडीच्या वायपरखाली, रस्त्याच्या कडेला कापसाचा थरच. झाड कॉटनवूड, म्हणजे पॉपलरच्या भाऊबंदांपैकी. सूनबाई शिंकल्या की खापर त्याच्यावर.

कॉटनवूडमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नराचे परागकण पानं फुटायच्या आधीच उडून जातात, तेही डोळ्यांना न दिसता. कापूस मादीचा. तो नाकात गेला तर हुळहुळेल, पण ॲलर्जी त्याची नव्हे. याच दिवसांत गवतं फुलतात, शिंका बहुधा त्यांच्या. काश्मीरमध्ये हेच झाड ‘रशियन पॉपलर’ म्हणून बदनाम झालं (मूळ अमेरिकेचं, रशियाशी संबंध शून्य). प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हजारो मादी झाडं तोडली गेली. पराग नराचे, कुऱ्हाड मादीवर!

एक पुंजका चिमटीत धरून उलगडला. आत राजगिऱ्याहून जरा मोठं, लांबट बी. वालाच्या दाण्यात रोपाची शिदोरी भरलेली असते. इथे जवळपास काहीच नाही. म्हणून हे बी एक-दोन आठवड्यांतच मरतं. तेवढ्यात त्याला उघडी, ओली, उन्हातली रेती मिळायला हवी. सावली चालत नाही, गवताची स्पर्धाही नाही.

अशी रेती नदीच तयार करते. वर कोलोरॅडोच्या डोंगरांतलं बर्फ वितळून मे-जूनमध्ये पूर येतो, काठ खरवडून निघतो, पाणी ओसरताना ओला गाळ मागे राहतो. नेमकी तेव्हाच बोंडं उकलतात. झाडाला पुराची वर्दी कोण देतं? कुणीच नाही. वसंतातली जी ऊब बर्फ वितळवते, तीच साठत साठत बोंडं पिकवते. घड्याळं दोन, चावी एकच! मला तर हे कोणत्याही चमत्कारापेक्षा भारी वाटतं.

पुढचा खेळ जमिनीखालचा. ओसरत्या नदीबरोबर भूजलही उतरतं आणि कोवळं मूळ त्याच्या मागे धावतं. पातळी दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरच्या आत उतरली तर मूळ गाठतं. धाडकन उतरली तर रोप वाळतं. त्यामुळे लाखो बियांतून रोपं जगतात ती एखाद्या चांगल्या पुराच्या वर्षीच. इथल्या काठावरची बरीच जुनी झाडं 1940च्या दशकातल्या पुरांची आहेत.

1975मध्ये शहराच्या वरच्या अंगाला कोचिटी धरण पुरं झालं. तेव्हापासून मोठा पूर अडतो. कापूस दर वर्षी उडतो, पडतो मात्र सुक्या पाचोळ्यावर. म्हणून नदीकाठच्या या जंगलात (इथे त्याला बॉस्के म्हणतात) स्वयंसेवक कॉटनवूडच्या उंच, सरळ फांद्या आणून, ओल लागेपर्यंत खोल भोकं पाडून रोवतात. पॉपलरची फांदी ओल्यात मुळं धरते. बियांचा पत्ता कट.