हर्बेरियमची शीट आणि बियांचं पाकीट: हिमालयातल्या दोन वेगळ्या मोहिमा

जुलै-ऑगस्ट आला की उत्तराखंडातल्या हेमकुंडच्या वाटेवरच्या निळ्या पॉपीचे फोटो यायला लागतात आणि खाली ठरलेली ओळ असते: ‘फ्रँक किंगडन-वॉर्डने १९२४ साली शोधलेलं फूल.’ दरवर्षी तीच ओळ आणि दरवर्षी तीच चूक. फोटोतलं फूल मुळात वेगळ्याच जातीचं असतं, त्याकडे शेवटी येतो. पण ब्रिटिश वनस्पतिसंग्राहक किंगडन-वॉर्डशी जोडल्या जाणाऱ्या ज्या तिबेटी निळ्या पॉपीबद्दल ही ओळ लिहिलेली असते, तिच्या बाबतीतही ती खरी नाही.

तिचा हिशोब असा आहे. फ्रेंच मिशनरी देलावे यांनी १८८६ मध्ये युनानमध्ये अशा पॉपीचा नमुना गोळा केला आणि १८८९ मध्ये फ्रांशे यांनी तिला मेकोनॉप्सिस बेटोनिसिफोलिया हे नाव दिलं. १९१३ मध्ये फ्रेडरिक बेली हा ब्रिटिश अधिकारी सर्वेक्षक मॉर्सहेडबरोबर त्सांगपो नदीच्या मुलखात फिरत होता. आग्नेय तिबेटातल्या रोंग चू खोऱ्यात त्याला निळी पॉपी दिसली, ती त्याने वहीच्या पानांत दाबून आणली, आणि तिला त्याच्या नावावरून बेलेयी म्हणू लागले. या दोन्ही एकच की वेगळ्या, यावर शास्त्रज्ञांचं मत मधल्या काळात बदलत गेलं. त्या वादात इथे पडत नाही. सांगायचं एवढंच की १९२४ मध्ये किंगडन-वॉर्ड रोंग चू खोऱ्यात पोचला तेव्हा हे फूल कागदावर आधीच आलेलं होतं. तिथल्या गुराख्यांना तर ते कायमच माहीत होतं. किंगडन-वॉर्डने केलं ते वेगळं काम, आणि माझ्या मते जास्त कष्टाचं: त्याने बी आणलं. आज युरोपातल्या बागांत ही पॉपी दिसते ती त्या बियांमुळे, बेलीच्या वहीतल्या फुलामुळे नाही.

सुकवलेला नमुना आणणारी मोहीम आणि बी आणणारी मोहीम या दोन्हींना आपण सरसकट ‘वनस्पतिसंशोधकांची हिमालयातली भटकंती’ म्हणून एका पोत्यात भरतो. दोन्हींचा मुलूख एक, डोंगर तेच, हमाल तेच. पण प्रवासाचं वेळापत्रक, सामान, पैसा आणि चुकण्याची तऱ्हा यांतलं काहीच सारखं नाही.

हर्बेरियमबद्दल, म्हणजे सुकवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाबद्दल, फार लिहीत नाही. बॉटनी घेऊन बीएस्सी केलेल्या प्रत्येकाने सबमिशनसाठी शीट्स केल्या आहेत: फुलासकट फांदी, वर्तमानपत्र, दाब, रोज कागद बदलणं, मग शीटवर चिकटवून उजव्या कोपऱ्यात लेबल. हिमालयातही तेच, फक्त सगळं पावसात. १८४८ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर दार्जिलिंगहून पूर्व नेपाळकडे निघाला तेव्हा त्याच्या तांड्यात ५६ माणसं होती. १८४९ चा पावसाळा त्याने सिक्कीमच्या लाचेन भागात काढला. तिथे कागद कोरडा ठेवणं हीच रोजची लढाई. कागद शेकोटीवर वाळवायचा, नमुन्याखालचा ओला काढून कोरडा घालायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक दिवस आळस केला की नमुना काळा पडतो, बुरशी धरतो. पण त्यात एक सोय आहे: फूल दिसलं, तोडलं, दाबलं, काम झालं. त्या जागी परत यायची गरज नाही. नमुना गोळा करणारा माणूस पुढे पुढे जात राहू शकतो आणि जितका पुढे जाईल तितकं त्याला नवं मिळतं.

बी गोळा करणाऱ्याला हे जमत नाही. लोक नेमके इथेच घसरतात.

जूनमध्ये त्याला फूल दिसतं तेव्हा बी नसतं. ऑक्टोबरात बी तयार होतं तेव्हा फूल नसतं, पुष्कळदा पानंही नसतात. म्हणजे एकाच जागी त्याला दोनदा जावं लागतं, मध्ये अख्खा पावसाळा घालवून. उन्हाळ्यात सगळा मुलूख फिरून कुठल्या उतारावर, कुठल्या खडकाजवळ, कुठल्या ओढ्याच्या कुठल्या बाजूला काय फुललंय हे टिपून ठेवायचं, आणि शरदात तेच खडक पुन्हा शोधायचे. तोवर हिरवा उतार तपकिरी झालेला असतो. जूनमध्ये शंभर पावलांवरून दिसलेली निळी पॉपी आता गुडघ्याएवढी वाळकी काडी असते, टोकाला राठ केसांचं बोंड. शेजारी पिवळ्या पॉपीची बोंडं असली तर दोन्हींत फरक करायला सरावलेली नजर लागते. प्रिम्युला या बुटक्या फुलझाडांचं तर याहून वाईट, कारण एकाच कुरणात चार-पाच जाती दाटीवाटीने उगवतात आणि वाळल्यावर सगळ्या एकसारख्या दिसतात. बी गोळा करणाऱ्याची खरी विद्या ही आहे: मेलेलं झाड ओळखणं. फुलं काय, कोणालाही दिसतात.

मग वेळेचा प्रश्न. पॉपीचं बोंड हिरवं असताना काढलं तर बी कच्चं निघतं आणि रुजत नाही. पूर्ण पिकू दिलं तर बोंडाच्या वरच्या टोकाला फटी पडतात आणि वारा एका दुपारीत सगळं बी झटकून टाकतो. बोंड गवताच्या रंगाचं झालंय, टोक नुकतं सैल होतंय, ते दिवस गाठावे लागतात. आणि प्रत्येक जातीचे ते दिवस वेगळे, शिवाय उंचीप्रमाणेही बदलतात: खालच्या जंगलात बी पिकायचं असतं तेव्हा खिंडीवर बर्फ पडायला लागलेला असतो. किंगडन-वॉर्ड आणि त्याचा सोबती लॉर्ड कॉडर यांनी दोशोंग ला या खिंडीवर बुटक्या ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं उन्हाळ्यात फुललेली पाहिली होती. शरदात ते परत गेले तेव्हा ती बर्फाखाली गेली होती. वर काही दिसत नसताना, फक्त उन्हाळ्यातल्या आठवणीवर, बर्फ उकरून बोंडं काढायची. बोटं बधिर झालेली आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं बी म्हणजे जवळजवळ भुकटीच.

बी हाती आल्यावरही काम संपत नाही. ते वाळवायचं, पण आगीजवळ नाही, कारण उष्णतेने बी मरतं. नमुन्यांचा कागद शेकोटीवर धरता येतो, बियांचं पाकीट धरता येत नाही. मॅग्नोलियाचं उलट, ते बी फार वाळलं तरी मरतं, त्याला ओलावा लागतो. मग डोंगर उतरून मैदानात यायचं आणि बोटीने उष्ण समुद्र ओलांडायचा. नेपाळहून ऱ्होडोडेंड्रॉन आर्बोरियमचं बी इंग्लंडला पाठवताना कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या वॉलिकने ते डब्यांतून तपकिरी साखरेत घालून पाठवलं होतं, तेव्हा ते जगलं. नमुन्याला जगायचं नसतंच. शंभर वर्षांनीही वाळका नमुना तितकाच कामाचा असतो. बियांचं पाकीट उशिरा पोचलं तर त्यात नुसता कचरा उरतो आणि तो बघून कळतही नाही.

किरकोळ फरक पटकन सांगून टाकतो. पैसा: हूकरच्या पाठीशी सरकार आणि लंडनची क्यू ही वनस्पती-बाग होती, तर किंगडन-वॉर्डसारख्यांच्या मोहिमांना रोपवाटिका आणि बडे बागवाले वर्गणी घालत आणि बी वाटून घेत. दोन वॉर्ड: काचेची पेटी करून त्यात रोपं पाठवायची युक्ती काढणारा नॅथॅनिएल वॉर्ड हा लंडनचा डॉक्टर, त्याचा किंगडन-वॉर्डशी संबंध जोडू नका. आणि जिवंत रोपं उपटून नेणं हा तिसराच प्रकार, मला अजिबात न आवडणारा. हूकरने १८५० मध्ये खासी टेकड्यांतून निळ्या वांडा ऑर्किडची सात हमालांची ओझी क्यूसाठी काढली आणि त्यातली थोडीच रोपं जिवंत पोचली. याच प्रवासात आपला माळी पाठवून जागा बघून घेतलेल्या दुसऱ्या एकाचं एका हमालाचं ओझं वाईट अवस्थेत पोचूनही ३०० पौंडांना विकलं गेलं. पुढे तिथे काय झालं असेल याला कल्पनाशक्ती लागत नाही.

या दोन कामांत भिंत नव्हती, हेही खरं. हूकरने सिक्कीमच्या ऱ्होडोडेंड्रॉनचं बी क्यूला पाठवलं, किंगडन-वॉर्ड नमुनेही दाबत असे, लडलो आणि शेरिफ या ब्रिटिश संग्राहकांच्या जोडीने भूतान आणि आग्नेय तिबेटात दोन्ही कामं नेटाने केली. चांगला संग्राहक शीटला आणि पाकिटाला एकच क्रमांक देतो. फुलाचा नमुना जूनचा, बी ऑक्टोबरचं, क्रमांक एक. हा धागा तुटला की काय होतं ते शेरिफच्या ६०० क्रमांकात दिसतं. १९३४ मध्ये पूर्व भूतानमध्ये त्याने गोळा केलेली ही निळी पॉपी, तेव्हा मेकोनॉप्सिस ग्रँडिस म्हणून ओळखलेली. बागांत पुढे तो क्रमांक इतका प्रतिष्ठेचा झाला की कित्येक संकरित रोपांवरही तोच लागला. ती रोपं शेरिफच्या मूळ बियांची नव्हेत हे नंतर लक्षात आलं आणि त्यांना वेगळ्या गटाचं नाव द्यावं लागलं. नमुन्याशी न जुळवलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवू नये, मग तो कितीही मोठ्या बागेच्या पाटीवर असो.

क्रम उलटाही होतो. मणिपूरच्या शिरुई डोंगरावरची लिली किंगडन-वॉर्डला १९४६ मध्ये सापडली ती वाळलेल्या बोंडांच्या रूपात. बी आधी गेलं, फुलासाठी तो १९४८ मध्ये पत्नी जीन मॅकलिनसह परत आला आणि लिलियम मॅकलिनी हे नाव १९४९ चं. तिथल्या तांगखुल लोकांकडे तिचं ‘काशोंग तिमरावोन’ हे नाव आधीपासून होतंच.

आता हेमकुंडच्या फोटोकडे. भ्यूंडार खोऱ्यात, म्हणजे आपल्याकडचे ट्रेकर ज्याला फुलांची दरी म्हणतात तिथे आणि आसपास, खडकांच्या सांध्यांत दिसते ती मेकोनॉप्सिस ॲक्युलिएटा. देठ-पानांवर काट्यांसारखे ताठ केस आणि रेशमी निळ्या पाकळ्या. तिला नाव दिलं ते सहारनपूरच्या बागेचे एकेकाळचे अधीक्षक जॉन फोर्ब्स रॉयल यांनी, किंगडन-वॉर्ड जन्मायच्या आधी. या खोऱ्याशी ज्यांची नावं जोडायची ती दुसरी: कामेत शिखर चढून परतताना १९३१ मध्ये इथे उतरलेला फ्रँक स्माइथ, जो १९३७ मध्ये वनस्पती आणि बी गोळा करायला परत आला, आणि १९३९ च्या जुलैमध्ये, बी पिकायच्या कितीतरी आधी, इथल्या उतारावरून घसरून मृत्यू पावलेली जोन मार्गारेट लेग. तिची समाधी दरीतच आहे.

आणि सप्टेंबरात जाणारे काही जण ‘दोन बोंडं खिशात टाकून आणतो, बाल्कनीत लावू’ म्हणतात, ते बंद करा. ही दरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथून काहीही उचलायला बंदी आहे. पुण्या-मुंबईच्या हवेत ती पॉपी जगणार नाही. शिवाय ही जात काही वर्षं पानांवर काढते, एकदा फुलते आणि मरते, त्यामुळे त्या खडकावर पुढचं रोप येणार ते त्याच बोंडातून.